नकाशातील वस्तूंचे अवयव : काय दाखवावे, काय झाकावे

कामशेतच्या परिसरात, जेथून एका अंगास नाणे मावळाची आणि दुसऱ्या अंगास पवन मावळाची वाट फुटते, तेथे उतरत्या छपरांची जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांचे नकाशे आता बहुतांशी संगणकावर तयार होतात. आणि त्या नकाशांतील खिडकी, दार, जिना, छपराची कैची हे घटक आरेखक दर वेळी रेघेवर रेघ ओढून काढीत नाही, तर रुंदी, उंची, झडपांची संख्या, छज्ज्याचा पुढावा अशी मोजकी मापे सांगतो आणि एका लिखित सूचनावलीच्या, म्हणजेच स्क्रिप्टच्या, आधारे संगणक तो घटक स्वतः रेखाटतो. ही सोय फार मोठी आहे. मालकाने ऐन वेळी चार फुटांची खिडकी पाच फुटांची करावयास सांगितली, तर एक आकडा बदलताच चौकट, झडपा, तावदाने, गज आणि छज्जा हे सारे अवयव आपापल्या नव्या जागी जाऊन बसतात. परंतु ज्या सूचनावलीने हे अवयव एकत्र बांधले, तिने कोणता अवयव कोणत्या कागदावर दिसावा याचा विचार आधी केलेला नसेल, तर हीच सोय अडचणीचे कारण होते. मंजुरीच्या नकाशात गजांची काळी गर्दी होते आणि सुताराच्या हाती जाणाऱ्या नकाशात चौकटीची खाच सापडत नाही. अशा वस्तूंच्या अवयवांची दृश्यता ताब्यात कशी ठेवावी, याचे काही अनुभवसिद्ध नियम मावळातील एका साध्या घराचा दाखला घेऊन येथे मांडावयाचे आहेत.

एक खिडकी, तीन वाचक

नकाशा हा अखेर कोणी तरी वाचावयाचा दस्तऐवज आहे, आणि एकाच खिडकीला निदान तीन वाचक असतात. पहिला वाचक मंजुरी देणाऱ्या कचेरीतला. कामशेत हे 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येते. तेथील छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यास जागेची हद्द, सोडलेल्या मोकळ्या जागा, बांधकामाचे क्षेत्र, खोल्यांची मापे आणि त्या खोल्यांना उजेड व वारा पुरेसा मिळेल इतकी उघडी जागा आहे की नाही, हे पाहावयाचे असते. खिडकीला गज किती आणि बिजागऱ्या कोठे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसरा वाचक जागेवरचा मिस्त्री, सुतार आणि लोहार. त्यांना चौकटीचा छेद, उंबरपट्टीचा उतार, गजांमधील अंतर आणि छज्ज्याखालची पाणी तोडणारी खाच हीच माहिती प्राणासारखी महत्त्वाची असते. तिसरा वाचक घरमालक. त्याला घर कसे दिसेल ते पाहावयाचे असते, म्हणून त्याच्या चित्रात काच, रंग आणि सावली हवी, परंतु उघडझापीच्या तुटक रेघा आणि खिडकीचे क्रमांक नकोत.

हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही, तो कागदाच्या मोजमापाचाच आहे. 1.20 मीटर रुंदीची खिडकी 1:100 या प्रमाणात कागदावर 12 मिलिमीटरांची होते; तिची 60 मिलिमीटर जाडीची चौकट अवघी 0.6 मिलिमीटर उरते. आणि 12 मिलिमीटर व्यासाचा गज 0.12 मिलिमीटर, म्हणजे त्याला काढणाऱ्या रेघेहूनही बारीक होतो. असे गज शंभर-शंभर मिलिमीटरांवर असतील, तर कागदावर दर मिलिमीटरास एक ठिपका पडतो आणि छापील प्रतीत त्यांचा एक काळपट पट्टा होतो. तीच खिडकी 1:20 प्रमाणात 60 मिलिमीटर लांब होते, चौकट 3 मिलिमीटरांची दिसते आणि गजही डोळ्यास स्पष्ट ओळखू येतो. म्हणून एका कागदावर जो तपशील ज्ञान देतो, तोच दुसऱ्या कागदावर केवळ डाग होऊन राहतो; हे ध्यानात घेतले म्हणजे अवयव झाकण्याची कला ही माहिती लपविण्याची कला नसून वाचकाविषयीच्या आदराचीच एक रीत आहे, हे पटते.

दोन प्रकारच्या कळा

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी आधीच सांगतो, कारण पुढील सारे नियम तिच्यातूनच निघतात. स्क्रिप्टने काढलेल्या वस्तूत अवयव दिसण्या-न दिसण्याच्या दोन प्रकारच्या कळा असतात आणि त्या दोहोंची गल्लत करणे हेच बहुतेक गोंधळांचे मूळ असते. पहिली कळ इमारतीविषयी विधान करते: या खिडकीला गज आहेत की नाहीत? दुसरी कळ कागदाविषयी विधान करते: असलेले गज या पत्रकावर दाखवावयाचे की नाहीत? पहिल्या कळीची जागा वस्तूच्या आत, तिच्या मापांच्या यादीत, म्हणजे पॅरामीटरमध्ये आहे. दुसऱ्या कळीची जागा वस्तूच्या बाहेर, पत्रकाकडे, म्हणजे अवयवांची गटवारी करणाऱ्या क्लास किंवा लेअर यांच्या दृश्यतेत आहे.

मंजुरीचा नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून एखाद्या आरेखकाने खिडकीच्या पॅरामीटरमधील गजांची कळच बंद केली, तर काय होईल ते पाहा. वस्तू एकच असल्यामुळे गज केवळ त्या पत्रकावरून नव्हे, तर सुताराच्या पत्रकावरून, दर्शनी चित्रातून आणि फाइलमधून आपोआप निघणाऱ्या दार-खिडक्यांच्या तक्त्यातूनही नाहीसे होतील; लोहाराकडे जाणारी मोजणी चुकेल, अंदाजपत्रकातील लोखंडाचे वजन कमी भरेल, आणि ही चूक कोणाच्या ध्यानात येईल ती चौकटी भिंतीत बसल्यानंतर. उलट, खरोखरच बिनगजाची असलेली खिडकी केवळ क्लास झाकून तशी भासविली, तर तक्ता खोटे बोलेल. म्हणून सत्य वस्तूकडे आणि दृश्यता पत्रकाकडे, ही वाटणी कटाक्षाने पाळावी. स्क्रिप्टचे काम अवयवांना नावे देण्याचे. त्यांतले कोण समोर यावे हे ठरविण्याची मुखत्यारी पत्रकाची.

निरनिराळ्या प्रणालींतील रीत

हे तत्त्व सर्वत्र एकच असले, तरी ते अमलात आणण्याची साधने प्रणालीगणिक वेगळी आहेत. ऑटोकॅडमध्ये 2006 च्या आवृत्तीपासून डायनॅमिक ब्लॉक आले आणि त्यांच्या आत व्हिजिबिलिटी स्टेट ठेवता येऊ लागल्या; परंतु ब्लॉकच्या एका प्रतीची जी अवस्था निवडली जाते, ती सर्व पत्रकांवर तीच राहते, म्हणून त्या अवस्थांचा उपयोग खिडकीचा प्रकार सांगण्यास करावा, पत्रकागणिक झाकपाक करण्यास करू नये. त्या कामासाठी ब्लॉकमधील अवयव निरनिराळ्या लेअरवर ठेवून पत्रकावर नकाशाचा एकेक भाग दाखविणाऱ्या प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये नको ते लेअर गोठविणे हाच राजमार्ग आहे. येथे दोन गोष्टी विसरू नयेत. ब्लॉकच्या आत शून्य क्रमांकाच्या लेअरवर काढलेली रेघ, तो ब्लॉक ज्या लेअरवर ठेवला जाईल त्याचे गुण घेते. आणि ब्लॉक ज्या लेअरवर ठेवला आहे तो गोठविला, तर आतील सर्व अवयवांसह संपूर्ण ब्लॉक नाहीसा होतो, पण तो लेअर नुसता बंद केला, तर आत स्वतंत्र लेअरवर असलेले अवयव दिसत राहतात. वरवर सारख्या भासणाऱ्या या दोन क्रिया फलतः इतक्या भिन्न आहेत, की नवशिक्या आरेखकाने त्या एका कोऱ्या फाइलमध्ये स्वतः करून पाहाव्यात.

रेव्हिटमध्ये हेच काम फॅमिलीच्या उपवर्गांनी होते. अवयवाला उपवर्ग दिलेला असेल, तर प्रत्येक दृश्यात त्याची दृश्यता व रेघेची जाडी वेगळी ठरविता येते. आर्किकॅडमधील वस्तू जीडीएल या भाषेत लिहिल्या जातात व त्यांत सपाट नकाशाची आणि त्रिमितीची सूचनावली वेगवेगळी असते. शिवाय चालू दृश्याचे प्रमाण स्क्रिप्टला विचारता येत असल्यामुळे 1:100 ला एक आणि 1:20 ला दुसरे रूप ती स्वतःच देऊ शकते. 1985 साली मिनीकॅड या नावाने आलेल्या आणि 1999 पासून आजचे नाव धारण केलेल्या व्हेक्टरवर्क्समध्ये हा कारभार मुख्यतः क्लासकडे असतो, आणि स्क्रिप्ट लिहिणाराला तेथे मोकळीक अधिक असल्यामुळे जबाबदारीही अधिक असते. म्हणून पुढील नियम त्याच प्रणालीला डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, पण त्यांतील आशय इतरत्रही लागू पडेल.

स्क्रिप्ट लिहिताना पाळावयाचे नियम

पहिला नियम असा, की स्क्रिप्टची एकही ओळ लिहिण्यापूर्वी अवयवांची यादी कागदावर करावी आणि ती करताना रेघांचा नव्हे, तर वाचकांचा विचार करावा. जे दोन अवयव सदैव बरोबरच दिसतात किंवा बरोबरच झाकले जातात, त्यांना वेगळा क्लास देऊन उपयोग नाही. आणि जे एकदा तरी एकमेकांवाचून दाखवावे लागतात, त्यांना एकत्र कोंबू नये. आपल्या खिडकीसाठी चौकट, झडपा, काच, गज, छज्जा, उंबरपट्टी, उघडझापीची रेघ आणि क्रमांक असे आठ क्लास पुरेत. बिजागऱ्या व कड्या झडपांबरोबर जाऊ शकतात. आठाचे अठरा केल्याने शिस्त वाढत नाही, उलट निवडीचा भार वाढतो.

दुसरा नियम नावांचा. सर्व नावांचा आरंभ एकाच उपसर्गाने करावा, म्हणजे शेकडो क्लासांच्या यादीतही खिडकीची मंडळी एका ठिकाणी सापडतात. फाइल पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे आणि छाननीच्या प्रणालीकडे जावयाची असते, म्हणून प्रत्यक्ष नावे रोमन अक्षरांत, छोटी व विरामचिन्हांवाचून ठेवणे सोयीचे. त्यांचा मराठी खुलासा दफ्तरातील तक्त्यात असावा. हीच नावे स्क्रिप्टमध्ये कायमची कोरून ठेवू नयेत. प्रत्येक अवयवाचा क्लास वापरणाराला निवडता येईल असा पॅरामीटर ठेवावा आणि त्याने तो रिकामा सोडला, तर अवयव मुख्य वस्तूच्याच क्लासमध्ये जाईल अशी तजवीज करावी. असे न केल्यास प्रत्येक फाइलमध्ये स्क्रिप्ट आपले क्लास पुन्हा पुन्हा निर्माण करते. आरेखक ते काढून टाकतो, वस्तूचे नूतनीकरण होताच ते पुन्हा अवतरतात, आणि कारण न कळल्यामुळे तो हैराण होतो.

तिसरा नियम बारकाईचा आहे आणि तो चुकल्यामुळेच पुष्कळ स्क्रिप्ट अर्ध्यावर फसतात. अवयवाला क्लास नेमून दिला म्हणजे त्याचे रूपही त्या क्लासप्रमाणे झाले, असे होत नाही. रेघेचा रंग, जाडी, प्रकार आणि आतील भरण हे प्रत्येक गुण क्लासप्रमाणे घ्यावेत, असा स्वतंत्र हुकूम स्क्रिप्टने द्यावा लागतो. नाही तर छज्जा आपल्या क्लासमध्ये जातो खरा, पण त्याची रेघ मुख्य वस्तूसारखीच सलग व जाड राहते. नकाशाचा आडवा छेद ज्या उंचीवर घेतला, तिच्या वर असणारा छज्जा तुटक रेघेने दाखवावयाचा असतो; ती तुटक रेघ स्क्रिप्टमध्ये न लिहिता छज्ज्याच्या क्लासमध्ये ठेवली, तर एका ठिकाणी बदल करताच घराच्या सर्व खिडक्यांचे छज्जे सुधारतात. मंजुरीच्या नकाशात नवीन काम लाल आणि पाडावयाचे काम पिवळे दाखविण्याचा जो रूढ संकेत आहे, तोदेखील याच मार्गाने, व्ह्यूपोर्टमध्ये क्लासचे रूप बदलून, मूळ वस्तूला हात न लावता पाळता येतो.

चौथा नियम मुख्य वस्तूच्या क्लासविषयी. अवयव कितीही क्लासांत विखुरलेले असले, तरी ज्या पेटीत ते आहेत तिचा स्वतःचा एक क्लास असतो, आणि तो झाकला की सारे अवयव एकदम झाकले जातात. म्हणून पेटीचा क्लास हा कोणत्याही अवयवाचा क्लास असू नये. खिडकी बसविताना चुकून गजांचा क्लास चालू असेल आणि पेटी त्यात गेली, तर मंजुरीच्या पत्रकावर गज झाकताच खिडक्याच नाहीशा होतील व भिंतीत नुसती भोके राहतील. स्क्रिप्टच्या आरंभीच पेटीसाठी एक साधा, सदैव दिसणारा क्लास ठरवून दिल्यास हा अपघात टळतो.

प्रमाण आणि तपशिलाची पायरी

क्लासने अवयव दिसतो किंवा झाकला जातो. परंतु काही वेळा अवयव झाकावयाचा नसतो, तर साधा करावयाचा असतो. चौकट 1:100 ला दोन रेघांत आटोपावी आणि 1:20 ला तिची खाच, पट्टी व काचेची मांडणी दिसावी, ही अपेक्षा रास्त आहे. येथे अनेक स्क्रिप्ट आरेखनाच्या लेअरचे प्रमाण पाहून रूप ठरवितात. व्हेक्टरवर्क्समध्ये मात्र वस्तू लेअरच्या प्रमाणानुसार घडते आणि व्ह्यूपोर्टचे प्रमाण बदलले तरी ती नव्याने घडत नाही, हे विसरल्यास 1:20 च्या पत्रकावरही 1:100 चे ओबडधोबड रूप मोठे होऊन येते. यावर उपाय म्हणजे तपशिलाच्या कमी, मध्यम आणि अधिक अशा पायऱ्या वापरणे. स्क्रिप्टने प्रत्येक पायरीचे रूप तयार ठेवावे आणि कोणती पायरी घ्यावयाची ते व्ह्यूपोर्टने ठरवावे.

ही निवड संगणकाबरोबर जन्मास आली असे नाही. कामशेतहून पवन मावळाच्या वाटेने गेले, की बेडशाची लेणी लागतात. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्या 1880 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील लेणीमंदिरांवरील ग्रंथात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील चैत्यांचे आराखडे व चित्रे आहेत. बेडशाच्या चैत्याच्या ओसरीत चैत्यगवाक्षाची कमान आणि वेदिकेचा कठडा हे दोन आकार लहानमोठ्या मापांत पुन्हा पुन्हा कोरलेले दिसतात, आणि त्यांची नोंदणी करणाऱ्या आरेखकाला दर वेळी ठरवावे लागते, की लहान प्रमाणात केवळ कमानीची बाह्यरेषा द्यावी, की आतील वाशांची टोकेही द्यावीत. हाताने काढणारा मनुष्य हा निर्णय लेखणी टेकविताना घेत असे. स्क्रिप्ट लिहिणाराला तो आधी, न पाहिलेल्या कागदांसाठी घ्यावा लागतो. आज कोणी या लेण्यांच्या दस्तऐवजीकरणासाठी चैत्यगवाक्षाची वस्तू तयार केली, तर तिलाही बाह्यकमान, आतील वासे आणि वेदिका असे तीन अवयव आणि तीन पायऱ्या हव्यात, म्हणजे एकच वस्तू संपूर्ण दर्शनी भागाच्या आराखड्यात आणि एका गवाक्षाच्या मोठ्या चित्रात सारखीच विश्वासाने वापरता येईल.

मावळातील छप्पर

खिडकीवर जे शिकलो ते छपरास लावून पाहावे, कारण मावळात घराची खरी कसोटी छपरावरच लागते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे कामशेत, वडगावकडे येताना तो उतरत जातो, तरी पाखे, आढे आणि पन्हळ यांच्या चुकीला क्षमा करण्याइतका तो सौम्य होत नाही. छपराच्या वस्तूचे अवयव कैची, वासे, रीपा, कौले, आढ्याची कौले, पन्हळ आणि पाणी खाली आणणारे नळ असे असतात. मजल्याच्या नकाशात छपराची फक्त बाह्यकड तुटक रेघेने हवी. छपराच्या नकाशात कौलांचे पाखे, आढे आणि उताराचे बाण हवेत. कैचीच्या नकाशात कौले झाकून लाकूड वा लोखंड उघडे पडले पाहिजे. आणि सांडपाणी व पर्जन्यजल यांच्या नकाशात पन्हळ आणि नळ ठळक व बाकी सारे फिके दिसले पाहिजे. यासाठी व्हेक्टरवर्क्समध्ये क्लासची दृश्य आणि अदृश्य यांखेरीज फिकी अशी जी तिसरी अवस्था आहे, तिचा उपयोग करावा. नळाची जागा छपराच्या संदर्भावाचून कळत नाही, म्हणून छप्पर पूर्ण झाकणे हा उपाय तेथे अपुरा पडतो. पन्हळ कौलांच्या क्लासमध्ये मिसळलेली असेल, तर हे चारही नकाशे स्वच्छ निघणे अशक्य होते आणि नळकाम करणारा कारागीर आपल्या अंदाजाने नळ लावतो.

फाइल बाहेर पाठविण्यापूर्वी

महाराष्ट्रात मंजुरीच्या नकाशांची छाननी संगणकावर करण्याची पद्धत रुळली आहे. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीची ऑटोडीसीआर ही अशाच छाननीसाठी तयार झालेली प्रणाली आहे. अशा प्रणाली चित्र पाहत नाहीत, त्या लेअर वाचतात. हद्द, बांधकामाची रेघ, खोली आणि उघडी जागा हे प्रत्येक ठराविक लेअरवर बंद आकृतीच्या रूपात असावे लागते. स्क्रिप्टने बनविलेली वस्तू दुसऱ्या स्वरूपात पाठविली, की ती ब्लॉक होते आणि तिचे क्लास लेअर होऊ शकतात. म्हणून पाठविताना क्लासांचे लेअरमध्ये रूपांतर होईल असा पर्याय निवडला आहे ना, झाकलेले क्लास सोबत जातात की गळतात, आणि ब्लॉकच्या आतील आकृती छाननीस वाचता येतात की त्या उकलून द्याव्या लागतात, या तीन गोष्टी पाहूनच फाइल हातावेगळी करावी. मूळ फाइल कधीही उकलू नये. उकल करावयाची ती प्रतीवर.

नवी वस्तू कामात घेण्यापूर्वी तिची परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. एका कोऱ्या फाइलमध्ये तिच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक भिंतीत आणि एक मोकळी. तीन व्ह्यूपोर्ट करावेत: मंजुरीचा, जागेवरचा आणि मालकाचा. प्रत्येक अवयवाचा क्लास एकेक करून झाकावा व नेमका तोच अवयव जातो की नाही हे नकाशा, दर्शनी चित्र आणि छेद या तिन्हींत पाहावे, कारण सपाट रूपात क्लास नेमला आणि त्रिमितीत विसरला, ही चूक फार वेळा होते. मग खिडकीची रुंदी बदलून हीच तपासणी पुन्हा करावी. नूतनीकरणानंतरही नेमणूक टिकली, तरच ती खरी. शेवटी दार-खिडक्यांचा तक्ता काढावा आणि कोणताही क्लास झाकला तरी त्यातील गजांची संख्या बदलत नाही, याची खात्री करून घ्यावी.

या परीक्षेस उतरलेल्या वस्तूसोबत एक पानाचा तक्ता ठेवावा: अवयव, त्याचा क्लास, मूळ रूप, आणि तो कोणत्या पत्रकावर दाखवावयाचा. कचेरीतील माणसे बदलतात, प्रणालीच्या आवृत्त्या बदलतात, आणि घर पुरे झाल्यावर काही वर्षांनी मालक माडी चढविण्याची परवानगी मागण्यास येतो. त्या वेळी जो नवा आरेखक ती फाइल उघडेल, त्याला मूळ कर्त्याचे मन ओळखण्याची कसरत करावी लागू नये. ज्याच्या हाती नकाशा पडेल, मग तो प्राधिकरणाचा अधिकारी असो की गुडघाभर चिखलात उभा राहून मापे वाचणारा मिस्त्री असो, त्याला हवे ते ठसठशीत आणि नको ते दूर, असा कागद देणे हे आरेखकाचे कर्तव्य आहे. आणि ते कर्तव्य पत्रकागणिक हाताने खोडाखोड करून नव्हे, तर वस्तू घडवितानाच तिच्या प्रत्येक अवयवाला नाव व जागा देऊन पार पाडावे, एवढेच माझे सर्व व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे.